थेट विचारायचा प्रश्न

समुपदेशनाच्या पदविकेला मी प्रवेश घेतला तेव्हा सासऱ्यांनी एकच विचारलं, "याचं लायसन्स मिळतं का?"

आमचं घर भिवंडीजवळ राहनाळला. जिथे भात व्हायचा तिथे आता गोदामं आहेत, दारावरून दिवसभर कंटेनर जातात, त्यामुळे लायसन्स हा शब्द आमच्या गावात लहान पोरालाही कळतो. मी त्यांना सांगितलं की शाळेच्या समुपदेशकाला डॉक्टरसारखं वेगळं लायसन्स आपल्याकडे नसतं, निदान मी चौकशी केली तेव्हा मला तरी असंच सांगण्यात आलं. मानसशास्त्रात एम.ए. लागतं. त्यावर मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका लागते. आणि पदविकेत काही महिने एखाद्या शाळेत, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, खऱ्या मुलांबरोबर काम करावं लागतं. हे सगळं झालं की शाळा कामावर घेतात.

सासरे म्हणाले, "म्हंजे लायसन्स न्हाय. मग चुकलीस तर पकडनार कोन?"

ते सहज बोलले आणि चहा प्यायला लागले. मी मात्र तो प्रश्न घेऊन आत गेले. परीक्षांची मला कधी भीती वाटली नव्हती. एम.ए. मी बालवाडीत शिकवता शिकवता, घरी अभ्यास करून केलं होतं. पाठ करता येत होतं, लिहिता येत होतं. पण खरं मूल समोर बसेल आणि माझ्या एका वाक्यानं त्याचं काही बरंवाईट होईल, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं आणि तिथेच राहिलं.

वर्ग ठाण्याला असायचा, शनिवार-रविवारी. शिकवणाऱ्या मॅडमनी आयुष्यभर शाळांमधून काम केलं होतं. आवाज इतका हळू की सगळे पुढे सरकून बसायचे. पहिल्या प्रात्यक्षिकाला त्यांनी तिघातिघांचे गट पाडले. एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं मूल व्हायचं, तिसऱ्यानं गप्प बसून पाहायचं. माझ्या गटात कल्याणचे एक गणिताचे शिक्षक होते, पोट सुटलेले, भरघोस मिशीचे. ते दहावीत नापास झालेला मुलगा झाले. सुरुवातीला मला हसू आवरत नव्हतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बाई, आता कशातच काही अर्थ वाटत नाही."

ते इतकं खरं वाटलं की माझं हसू गेलं. अशा वेळी काय विचारायचं ते आम्हाला आदल्या आठवड्यात शिकवलं होतं.

"तुला... तसं काही वाटतं का?" मी विचारलं.

"तसं म्हणजे कसं?" मॅडम मागून म्हणाल्या.

"म्हणजे... वाईट विचार येतात का?"

"वाईट विचार पंधरा वर्षांच्या मुलाला पुष्कळ येतात. तुम्ही कुठल्या विचाराबद्दल विचारताय ते त्याला कळू दे."

वर्ग हसला. मग मी तो प्रश्न इंग्रजीत विचारला. पुस्तकात तो इंग्रजीतच होता, आणि इंग्रजीत तो गरम भांडं सांडशीनं उचलावं तसा उचलता येत होता. मॅडम म्हणाल्या, "भिवंडीच्या मुलाला हे इंग्रजीत विचारणार? त्याला कळेल अशा भाषेत, थेट विचारायचं. तुला मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? हेच शब्द. विचारा."

माझ्या तोंडून शब्द निघेना. जीभ टाळूला चिकटली. गणिताचे शिक्षक मुलगा व्हायचं सोडून मला पाणी आणायला उठले.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. "तुमच्या घरात कोणी असं गेलंय का?"

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. माझं माहेर भिवंडी-वाडा रस्त्याला आत एका गावात. माझी एक आत्या लग्न होऊन वर्षभरात परत आली होती. ती आमच्याकडेच राहायची आणि शाळेत जायच्या आधी माझ्या वेण्या घालायची. एका सकाळी वेणी घालता घालता ती म्हणाली, "मी नसले का तुझ्या येन्या कोन घालील गो?" मला एकदम रडू आलं. मी आईला जाऊन सांगितलं. आईनं आत्याला काही विचारलं नाही, माझ्याच थोबाडीत मारली. "असलं तोंडातून काढायचं न्हाय. घरात बोललेलं खरं होतं." आम्हाला लहानपणापासून हेच सांगितलेलं, की घराच्या आढ्यावर वास्तुपुरुष बसलेला असतो आणि आपण काहीही बोललं की तो तथास्तु म्हणतो. पुढच्या महिन्यात आत्या गेली. पाय घसरला असं गावात सांगितलं गेलं. मोठी माणसं दबक्या आवाजात वेगळं बोलायची आणि मी आले की गप्प व्हायची. मला त्या वयात एवढंच कळलं की ते मी बोलले म्हणून झालं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या मनात शिरत नाही. तो असला तर आधीच असतो. विचारलं की त्या माणसाला निदान कुणाला तरी सांगता येतं. हे तुम्हाला डोक्यानं कळतंय, पण अंग ऐकत नाहीये. म्हणून हा भाग मी अपूर्ण ठेवते. हा प्रश्न विचारता आल्याशिवाय मी तुमच्या प्रमाणपत्राच्या कागदावर सही करणार नाही. रागवू नका."

मी रागावले नाही. मला उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

शाळेत जायला त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली. अभ्यासाच्या सवयी, परीक्षेची भीती, दहावीनंतर काय करायचं, एवढेच विषय घ्यायचे. दुसरं काही समोर आलं तर स्वतः धाडस करायचं नाही, मुलाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच फोन करायचा. शिवाय स्वतःही कुणाकडे तरी जाऊन आत्याबद्दल बोलायचं. तेही मी करू लागले, ठाण्यातच, त्यांनीच सुचवलेल्या एका समुपदेशक बाईंकडे.

घरी मी तो प्रश्न म्हणून बघायची. दुपारी सगळे झोपले की भाजी निवडताना पुटपुटायची. एकदा पुटपुटता पुटपुटता माझा आवाज जरा मोठा झाला. "तुला मरावंसं वाटतं का?" असं मी मेथीच्या जुडीला विचारलं आणि मागे सासूबाई उभ्या होत्या.

"कोनाला इचारतेस गो?"

"कुणाला नाही, आई. अभ्यास आहे."

"असला कंचा अभ्यास हाय?" संध्याकाळी त्यांनी मला पाटावर बसवलं आणि मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मी मुकाट्यानं बसले. मला वाटलं, निघत असेल तर निघू दे.

शाळा भिवंडीत, निजामपुऱ्याच्या बाजूला होती. मराठी माध्यमाची, जुनी. मला दिलेली खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. एका भिंतीला कॅरमचे बोर्ड आणि लेझीम, मधे दोन खुर्च्या. खिडकीपलीकडे गल्लीत यंत्रमाग. त्यांची खटखट दिवसभर, इतकी की मुलं आपोआप मोठ्यानं बोलायची आणि लूम बंद पडले की सगळे एकदम गप्प होऊन वर बघायचे. पहिले काही आठवडे सरळ गेले. मुलं यायची, गणित येत नाही म्हणून रडायची, आयटीआयला कसं जायचं विचारायची. मला वाटायला लागलं की तो प्रश्न न विचारताच माझं निभेल.

पुढे ज्या मुलीबद्दल लिहितेय, तिची ओळख पटेल असं मी काही ठेवलेलं नाही. तिचं वय, आईचं काम, घर कुठल्या बाजूला, हे थोडं थोडं बदललं आहे. नववीतली मुलगी होती एवढं पुरे. आई वडप्याला एका गोदामात पॅकिंगला जायची, बाप लांबच्या गाड्यांवर क्लीनर.

तिला तिच्या वर्गशिक्षिका बाईंनी माझ्याकडे पाठवलं, तेही हसत हसत. "ही वर्गात झोपते. अभ्यासाचं जरा बघा. स्वभावानं फार चांगली आहे, अलीकडे तर नुसती देत सुटलीये. कंपास एकीला दिला, केसांच्या क्लिपा एकीला, परवा नवे बूटसुद्धा देऊन टाकले."

ते ऐकलं आणि मला वर्गातली यादी आठवली. स्वतःच्या आवडत्या वस्तू अचानक वाटून टाकणं. हे आम्हाला शिकवलेलं होतं. कशाची खूण असू शकते तेही शिकवलेलं होतं.

ती आली आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. पायात जुन्या चपला. मी झोपेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं. ती नीट उत्तरं देत होती, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. झोप येत नाही. भूक लागत नाही. मैत्रिणींशी भांडण नाही. घरी कोणी मारत नाही. कुणी त्रास देत नाही.

"मग काय झालंय?" मी विचारलं.

"काही झालं नाही, बाई." ती म्हणाली. "तेच तर. काही झालं नाही तरी असं होतंय."

मला मॅडमची अट आठवली. लगेच फोन करायचा. मी फोन हातात घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की मी उठून बाहेर गेले तर ती एकटी राहील, आणि तिच्यासमोर फोन करायचा तर काय म्हणून करायचा. अजून मी तिला काही विचारलेलंच नव्हतं. विचारलं नाही तर ती तास संपला की उठेल, दप्तर घेईल आणि घरी जाईल. कदाचित काही होणार नाही. कदाचित मी पुस्तकातलं वाचून उगाच घाबरतेय.

मला आईनं मारलेली थोबाडीत आठवली, अगदी गालावर जाणवली.

"तू वस्तू देऊन टाकतेयस म्हणून विचारते," मी म्हणाले. "तुला मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?"

पलीकडे लूम चालूच होते. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी विचारतेय."

"हो," ती म्हणाली. "येतो. रोज येतो."

आभाळ कोसळलं नाही. वर कुणी तथास्तु म्हटलं नाही. पण भीती कमी झाली म्हणाल तर तसंही नाही. आतापर्यंत मला बोलण्याची भीती होती, आता ते समोर होतं, दोन वेण्या घातलेलं, आणि ते माझ्या हातात होतं. मी पुढचे प्रश्न विचारले, कारण ते तसेच क्रमानं विचारायला शिकवलं होतं. काही ठरवलंयस का? तिनं मान हलवली, हो म्हणून. काय ते इथे लिहायचं कारण नाही. कधी, असं विचारलं तर म्हणाली, "आई शिफ्टला गेली की."

"हे मी माझ्या एकटीकडे ठेवू शकत नाही," मी तिला सांगितलं. "तू सांगितलंस ते फार बरं केलंस. पण तुझ्या आईला सांगावं लागेल आणि आपण डॉक्टरकडे जायचंय."

"आईला नका ना सांगू. ती कामाला जायची थांबेल. मग सगळे मलाच बोलतील."

"रागावली तर माझ्यावर रागावू दे. मी इथेच असणार आहे."

मी मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. त्या वर्गात असणार. मग मी दारातूनच शिपाई मावशींना हाक मारून पर्यवेक्षिका बाईंना बोलावलं. त्या आल्या, मी दारात उभी राहून हळू आवाजात सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, त्याही घाबरल्या होत्या.

"तिला आत्ता घरी पाठवू," त्या म्हणाल्या. "ताप आहे असं लिहून देते. शाळेत काही झालं तर काय करायचं आपण?"

"एकटीला पाठवायचं नाही, बाई. घरी कोणी नाहीये. आईला इथे बोलवा."

"तुमचं अजून शिक्षण चालूये ना? तुम्ही नक्की सांगताय का?"

मला नक्की काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या कागदावर सहीसुद्धा नव्हती. "मला एवढं नक्की सांगितलेलं आहे की एकटं सोडायचं नाही," मी म्हणाले. त्या फोन करायला गेल्या.

वडप्याहून यायला वेळ लागणार होता, हायवेला नेहमीसारखी गाड्यांची रांग असणार. आम्ही दोघी बसून राहिलो. मी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. मग ती म्हणाली की तिला बाथरूमला जायचंय.

मी बरोबर गेले. ती आत गेली, कडी लागली. मी बाहेर उभी राहिले. नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी वाहत राहिलं. मी तिचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. पाण्याचा आवाज आणि लूमची खटखट, दुसरं काही नाही. मी दारावर हात आपटला. दार पत्र्याचं, ते केवढ्यानं तरी वाजलं. त्या क्षणांत मी काय काय पाहिलं ते मला कुणाला सांगता येणार नाही. सासऱ्यांचं वाक्यसुद्धा आठवलं, चुकलीस तर पकडनार कोन.

कडी निघाली. ती तोंड धूत होती, केस कपाळाला चिकटलेले. "ऐकू नाही आलं, बाई," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकले आणि तिला म्हणाले, "पुढच्या वेळी कडी नको लावूस. मी दार धरून उभी राहीन." ती हो म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला भीती वाटली का?"

"हो. खूप वाटली."

खोलीकडे जाताना ती माझ्या अगदी जवळून चालली.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्यांनी पहिलं विचारलं, "ती आत्ता कुठे आहे?" माझ्यासमोर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आत्तापुरतं बरोबर चाललंय. आई आली की तिला आधी बसवा. जे आहे तेच सांगा, कमी करून नाही आणि वाढवून नाही. घरात काय दूर ठेवायचं ते सांगा. आणि आजच सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. मी निघतेय."

आई आली ती गोदामातून तशीच, अंगावर कंपनीचं जाकीट, केसांना पुठ्ठ्याची धूळ. मी तिला बसायला सांगितलं. ती बसेना. मग उभ्या उभ्याच मी सांगितलं, मुलगी शेजारी असताना, सरळ शब्दांत.

"काय बोललीस तू माझ्या पोरीला?" असं ती अगदी शांतपणे म्हणाली. "माझी पोरगी चांगली हाय. घरात हसते, पानी भरते. तुम्ही शिकलेल्या बायकांनीच तिच्या डोक्यात भरवलं हे. हे असं कोन इचारतं का लेकराला?"

ज्या वाक्याला मी लहानपणापासून घाबरत होते तेच ती बोलत होती. पर्यवेक्षिका बाई खिडकीकडे बघत होत्या. मला वाटलं, ती पोरीचा हात धरून निघून जाणार आणि मला काहीच करता येणार नाही.

मुलगीच बोलली. "आई, त्यांनी नाही भरवलं. गणपतीच्या आधीपासून होतंय. मी तुला सांगणार होते, पण तू थकून येतेस."

आई हळूहळू खाली बसली. खुर्ची बाजूलाच होती, पण ती फरशीवर बसली. मुलगी तिच्याजवळ गेली. मग आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "कंच्या दवाखान्यात जायचं?"

आम्ही रिक्षा केली. मॅडम तिथेच येऊन भेटल्या. डॉक्टर तरुण होते, गर्दीनं वैतागलेले, पण मुलीशी बोलताना त्यांनी दार लावून घेतलं आणि बराच वेळ दिला. नंतर आईला त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, पोरीचा दोष नाही आणि आईचाही नाही. औषधं लागतील, दर आठवड्याला यावं लागेल, आणि सध्या तिला एकटीला ठेवायचं नाही. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

घरी मी कुणाला काही सांगू शकत नव्हते. हेही शिकवलेलंच होतं, की समोरच्याचं बोलणं आपल्या घरात न्यायचं नाही. नवरा गोदामात सुपरवायझर आहे, वडप्याची निम्मी माणसं त्याच्या ओळखीची. त्यानं विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" मी म्हटलं डोकं दुखतंय. जेवण गेलं नाही. डोळे मिटले की पत्र्याचं दार दिसायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर तिचा बाक रिकामा. ती येणार नव्हतीच, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पण आईनं सकाळी मला फोन करायचं ठरलं होतं आणि फोन आला नव्हता. मी लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. वर्ग चालू होता, मुलं कविता म्हणत होती. मी जिन्यात उभी होते आणि मला वर जाता येईना, खाली जाता येईना. वाटलं, आता कोणी तरी येईल आणि सांगेल. जो येईल तो काय सांगेल हे मी मनात ऐकलंसुद्धा होतं. खाली फाटकाशी कोणी तरी शिपाई मावशींशी बोलत होतं आणि मला त्या दिशेनं बघवेना.

"बाई, तुमच्याकडं आलेत," मावशींनी हाक मारली.

ती मुलीची आई होती. साधी साडी नेसलेली, कामावर न गेलेली. "झोपलीय ती," तिनं लांबूनच सांगितलं, मी विचारायच्या आधी. "गोळीनं झोप लागली. माझी बहीन बसलीय तिच्याजवळ. फोन पान्यात पडला, म्हून आले. म्हटलं, तुम्ही घाबरला असाल."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ती माझ्या शेजारी टेकली. तिनं विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?" मी सांगितलं, वस्तू देत होती म्हणून शंका आली. ती म्हणाली, "मला म्हनाली बूट हरवले. मी मारलं तिला त्यावरनं." आणि मग ती रडली, पदर तोंडात धरून, वर्गातल्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या मुलीचं पुढे सरळ झालं असं नाही. औषध लागू पडायला वेळ लागला. मधे एकदा ते बंद केलं गेलं, कारण शेजारच्या कुणी तरी सांगितलं की या गोळ्यांनी पोरी जाड होतात, आणि पुन्हा ते दिवस परत आले. तेव्हा मात्र तिनं स्वतः येऊन सांगितलं, खोलीच्या दारात उभं राहून, "बाई, परत येतंय." मी विचारायच्या आधी. दहावीला ती पास झाली.

मॅडमनी एवढ्यावर सही केली नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते वेळ आली म्हणून. मला ते पुन्हा बघायचंय, शांतपणे." कल्याणचे गणिताचे शिक्षक पुन्हा नापास मुलगा झाले. मी विचारलं. आवाज थरथरला. नंतर मी त्याबद्दल माफी मागायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "थरथरू दे. शब्द पूर्ण ऐकू आले मला." मग त्यांनी पेन काढलं.

आता मी दोन शाळांमध्ये समुपदेशक आहे. नव्या मुलानं दार ढकललं की अजून मला भीती वाटते. पूर्वी वाटायचं, पदव्या पूर्ण झाल्या की हे जाईल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मला विचारतात की भीती कधी जाते. मी त्यांना सांगते की माझी गेली नाही, आणि ती गेलेली मी कुणाची पाहिलेली नाही. त्यांना हे उत्तर आवडत नाही.

गेल्या महिन्यात मी बाजारात केळी घेत होते. समोरून तीन-चार मुली आल्या, कॉलेजच्या बॅगा अडकवलेल्या, एकमेकींना ढकलत. त्यांत ती होती. अंगानं भरलेली, केस कापलेले. आमचा नियम असा की अशा वेळी आपण आधी ओळख दाखवायची नाही, मैत्रिणींनी विचारलं तर तिनं काय सांगायचं? मी केळ्यांकडे बघत राहिले, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी तिचा चेहरा, हात, डोळे सगळं तपासत होते. तिनं मला पाहिलं. नजर माझ्यावर आली आणि न थांबता पुढे गेली, जसं अनोळखी बाईवरून जावी. मग ती पेरूच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालायला लागली, "भैया, ये वाला सडा हुआ है, दूसरा दो," आणि दुसरा पेरू मिळेपर्यंत तिथून हलली नाही.